मांडीवरचा खिसा

जिन्याखालच्या त्या दुकानाला पाटी होती, पण ती कोणी वाचत नसे. दुरुस्तीवाल्याचं नावही कोणी घेत नसे. अख्खी गल्ली त्याला 'उद्यासाहेब' म्हणायची, कारण कुठलीही वस्तू घेऊन जा, तो ती उलटीसुलटी करून बघायचा, एक उसासा सोडायचा आणि म्हणायचा, "उद्या या." चौतीस वर्षं हेच चाललं होतं. आधी रेडिओ, मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही आणि आता फोन. वस्तू लहान लहान होत गेल्या आणि त्याच्या चष्म्याची काच जाड जाड होत गेली. मान दुखायची, डोळे चुरचुरायचे, बसून बसून पाय जड व्हायचे. दुकान बंद करावं असं त्याला रोज सकाळी वाटायचं आणि रोज सकाळी तो कुलूप उघडायचा.

बुधवारी दुकान उघडलं तेव्हा एक बाई पायरीवर येऊन उभीच होती. पासष्टीची असेल. केस घट्ट बांधलेले, पदर नीट खोचलेला आणि हातात एक स्टीलचा डबा. तिनं डबा टेबलावर ठेवला आणि झाकण काढलं. आत गळ्यापर्यंत तांदूळ आणि तांदळात रुतून बसलेला एक काळा फोन.

"ताई, तांदळात ठेवला की फोन बरा होतो हे ज्यानं कोणी काढलंय ना, तो मला एकदा भेटायला हवा," उद्यासाहेब म्हणाला. "पाण्यात पडला?"

"मशीनमध्ये धुतला. पँटबरोबर."

"किती वेळ?"

"पूर्ण. चाळीस मिनिटं. साबणासकट."

"आणि मग चालू होतो का म्हणून बटण दाबलं असेल."

"मुलानं दाबलं. पाच-सहा वेळा. मग सुनेनं चार्जिंगला लावून बघितला."

"वा! म्हणजे घरातल्या प्रत्येकानं हातभार लावलाय," तो म्हणाला. पाण्यात पडलेला फोन चालू करून बघू नये, हे तो गेली पंधरा वर्षं घसा कोरडा करून सांगत होता. पण माणसाला धीर म्हणून नसतो. 'एकदा बघू तरी' म्हणून बटण दाबतात आणि जो वाचला असता तोही जातो.

बाई हसली नाही. तिला टोमणा कळला नाही असं नव्हे. हसायची तिच्यात ताकद नव्हती.

"भाऊ, मी हॉस्पिटलच्या लाँड्रीत होते," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं. डॉक्टरांचे कोट, नर्सबाईंचे कोट. प्रत्येक खिसा उलटा केल्याशिवाय कपडा मशीनमध्ये जायचा नाही. कात्र्या निघायच्या, सुया निघायच्या, एकदा कुणाची तरी कवळी निघाली होती. माझ्या हातून एक टाचणीसुद्धा कधी आत गेली नाही."

"मग हा कसा गेला?"

"मुलाच्या पँटला चार खिसे असतात. दोन पुढं, दोन मागं. माझा हात आपोआप चार मोजतो. ही पँट नवी होती, हिला मांडीवर एक खिसा होता, वर झाकण असलेला. हात चार मोजून थांबला." तिनं स्वतःच्या उजव्या हाताकडं असं बघितलं की जणू तो कोणी दुसराच होता. "मी बघायला हवं होतं. मी बघितलंच नाही, नुसतं मोजलं."

फोनमध्ये काय आहे ते तिनं मग सांगितलं. मुलगा इमारती तपासायच्या खात्यात होता. एका जुन्या शाळेच्या भिंतींना भेगा पडल्या होत्या आणि त्या वाढतायत का हे बघायला तो दोन वर्षं, दर आठवड्याला, त्याच जागी उभं राहून तेच फोटो काढत होता. आता अहवाल द्यायची वेळ आली होती. फोटो कॉम्प्युटरवर टाकायचे टाकायचे म्हणत राहूनच गेले होते. गेलेले आठवडे काही परत आणता येणार नव्हते.

"चिडला असेल," उद्यासाहेब म्हणाला.

"चिडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, आई, तू आता थकलीस, तुझं लक्ष राहत नाही." ती थांबली. "माझी नात आहे, साडेतीन वर्षांची. जन्मल्यापासून माझ्याजवळ असते. हे दोघं नोकरीला जातात. आता तिला सोमवारपासून पाळणाघरात घालणार आहेत. सून म्हणाली, आज फोन राहिला, उद्या पोरीला आंघोळ घालताना काही राहिलं तर? वाईट हेतूनं नाही बोलली ती. पण बोलली."

उद्यासाहेबानं फोन तांदळातून उपसला. चार्जिंगच्या भोकात एक दाणा अडकला होता. तो त्यानं टाचणीनं काढला.

"फोन चालू झाला तर कदाचित विषय मागं पडेल," बाई म्हणाली. "नाही झाला तर नाही पडणार. एवढंच आहे."

"उद्या या," असं म्हणायला त्यानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. मग म्हणाला, "नंबर लिहून जा. मी कळवतो."

साबणाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा वाईट. फोन उघडला तेव्हा आतला हिरवा बोर्ड जागोजागी पांढरट झाला होता आणि बॅटरीच्या टोकाशी हिरवी बुरशी चढावी तसा गंज चढला होता. त्यानं बॅटरी काढून बाजूला ठेवली. बोर्ड स्पिरिटमध्ये बुडवला, मऊ ब्रशनं घासला, पुन्हा बुडवला. भिंगाखाली बघून तांदळाच्या कणीपेक्षाही लहान असे दोन तुकडे काढले आणि एका मेलेल्या फोनवरचे तसेच दोन तुकडे तिथं बसवले. बुधवार गेला, गुरुवार गेला. मान धरली. समोरच्या दुकानातला, फोनला कव्हरं चढवणारा कव्हरवाला दोनदा डोकावून गेला आणि म्हणाला, "काका, एवढा जीव कशाला जाळताय? हा गेलेलाच आहे." उद्यासाहेबानं नुसता हात हलवला.

शुक्रवारी दुपारी त्यानं बोर्ड पॉवर सप्लायच्या वायरींना जोडला. हा पॉवर सप्लाय म्हणजे टेबलावरचा एक जुना खोका. त्याला एक गोल बटण होतं. ते फिरवून जेवढे व्होल्ट हवेत तेवढे घ्यायचे. फोनला चार लागतात. काम झालं की त्याचा हात ते बटण आपोआप चारवर आणून ठेवायचा. तिकडं बघावं लागायचं नाही. वर्षानुवर्षं अंगवळणी पडलेली गोष्ट.

पडदा उजळला. आधी पांढरा, मग निळसर, आणि मग त्यावर एक लहान मुलगी आली. लाल टोपी घातलेली, पुढचे दोन दात किडलेले, तोंडभर हसणारी. खाली लॉकचा आकडा मागणारी चौकट.

"आलीस का बाई," उद्यासाहेब म्हणाला आणि खुर्चीत मागं रेलला. किती तरी महिन्यांनी त्याला आपल्या कामाचा आनंद झाला होता. तो फार वेळ टिकला नाही, पण झाला होता हे खरं.

लॉकच्या आकड्याशिवाय फोटो निघणार नव्हते. त्यानं फोन बंद केला, वायरी सोडवल्या, बोर्ड ट्रेमध्ये ठेवला आणि बाईला फोन लावला. वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात पडल्याशिवाय चांगली बातमी द्यायची नाही, हा त्याचा जुना नियम. बातमी दिली आणि वस्तू पुन्हा बिघडली, असं आयुष्यात दोनदा झालं होतं. म्हणून तो एवढंच म्हणाला, "उद्या चार वाजता मुलाला घेऊन या. लॉकचा आकडा लागेल."

"बरं," बाई म्हणाली. एकच शब्द, पण तो म्हणायला तिला बराच वेळ लागला.

शनिवारी सकाळी व्यायामशाळेचा माणूस एक मोठा स्पीकर घेऊन आला आणि तिथंच उभा राहून घाई करायला लागला. स्पीकरला बारा व्होल्ट लागायचे. उद्यासाहेबानं बटण बारावर नेलं, एक सुटलेली तार जोडली, स्पीकर ढणढणला. माणूस खूश झाला, स्पीकर उचलून घेऊन गेला. जाता जाता दारात अडकला म्हणून उद्यासाहेब उठून त्याला हात द्यायला गेला. परत येऊन बसला. घटाघटा पाणी प्यायला. डोळ्यांत औषध घातलं. मग ट्रेमधला बोर्ड त्याला दिसला.

चारला ती माणसं येणार. त्यांच्यासमोर फजिती नको. एकदा बघू तरी.

त्यानं वायरी लावल्या.

आवाज झाला नाही. फक्त एक बारीक 'टच्' आणि मग तो वास. चौतीस वर्षांत त्या वासाची त्याला ओळख पटायला कधी क्षणही लागला नव्हता. त्यानं वायरी ओढून काढल्या, मग मान वर करून पॉवर सप्लायकडं बघितलं. आकडा बाराचा होता. हात त्या स्पीकरवाल्याला मदत करायला गेला होता आणि बटण फिरवायचं राहून गेलं होतं. बघितलं असतं तर दिसलं असतं. लाल, बोटाएवढा मोठा आकडा होता.

उद्यासाहेबानं कपाळाला हात लावला आणि तसाच बसून राहिला.

मग दोन वाजेपर्यंत त्यानं जे जे करता येतं ते ते केलं. ज्या तुकड्यात फोटो साठतात तो आणि ज्याच्याशिवाय ते वाचता येत नाहीत तो, दोन्ही गेले होते. बदलून भागण्यातलं नव्हतं. कोणत्याही दुकानात, कोणत्याही शहरातल्या कारागिराकडं नेलं तरी भागणार नव्हतं. दुपारचा डबा त्यानं उघडलाच नाही.

कव्हरवाल्यानं वास ओळखला. तो आत आला, ट्रेकडं बघितलं, बटणाकडं बघितलं आणि दार लोटून घेतलं.

"कोणाचा?"

"त्या डबेवाल्या बाईंचा."

"हात्तिच्या! मग काय झालं? पाण्यात पडलेलाच होता. पाणी खोल गेलं होतं, आम्ही खूप प्रयत्न केला, सांगायचं. आपण सगळे तेच सांगतो काका. त्यांना काय कळणार?"

"हो," उद्यासाहेब म्हणाला.

"चालू झाला होता हे कोणाला सांगितलंय?"

"नाही."

"मग झालं तर. चेहरा जरा नीट करा. मयताला आल्यासारखे बसू नका."

कव्हरवाला मनानं वाईट नव्हता. धंद्यात हे एक वाक्य सगळ्यांनाच लागतं, आणि उद्यासाहेबानंही ते आयुष्यात चार-पाचदा वापरलं होतं. झोप उडाली नव्हती. पण तेव्हा त्या वाक्याखाली कोणी चिरडलं जात नव्हतं. आज तो मनातल्या मनात ते वाक्य घोळवत होता आणि दर वेळी त्याच्यासमोर ती बाई, तिचा उजवा हात आणि सोमवार उभा राहत होता. दुसऱ्या बाजूला त्याचं स्वतःचं नाव होतं. गल्लीत बोभाटा व्हायला अर्धा तास पुरतो. म्हातारा आता डोळ्यांनी बघत नाही, फोन जाळतो, असं एकदा झालं की पायरी कोण चढणार? बंद करावं असं रोज वाटणं वेगळं आणि लोकांनी बंद करायला लावणं वेगळं. शिवाय तो दमला होता. खरं सांगायलाही अंगात त्राण लागतं.

चारला पाच मिनिटं असताना दोघं आली. मुलगा उंच, चाळिशीच्या आतला, दाढी न केलेला. त्याच्या डोळ्यांखालीही काळं झालं होतं. बाईनं आज चांगली साडी नेसली होती. तिनं हात टेबलाच्या कडेवर ठेवला आणि उद्यासाहेबाच्या तोंडाकडं बघायला लागली.

"आकडा सांगू का?" मुलगा म्हणाला.

"नको," उद्यासाहेब म्हणाला. "उपयोग नाही. पाणी फार खोल गेलं होतं. साबणाचं पाणी. बोर्ड... गेला. खूप प्रयत्न केला."

वाक्य सहज बाहेर पडलं. इतक्या वर्षांच्या सवयीचं.

मुलगा ओरडला नाही. त्यानं डोळे मिटले, उघडले. मग आईच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे आई," तो म्हणाला, अगदी मायेनं. "मला वाटलंच होतं. तू मनाला लावून घेऊ नकोस. खूप केलंस तू आयुष्यभर, आता आराम कर. आम्ही बघतो सगळं."

बाईनं मान डोलावली. टेबलावरचा हात तिनं उचलला आणि पदराआड घेतला. आता तो कोणाला दिसू नये असं तिला वाटत असावं. उद्यासाहेबाला ते बघवलं नाही.

"थांबा," तो म्हणाला. "मी खोटं बोललो."

दोघं त्याच्याकडं बघायला लागली.

"फोन काल चालू झाला होता. नीट. पडद्यावर तुमची मुलगी आली, लाल टोपी घातलेली, पुढचे दोन दात किडलेले. सगळं आत शाबूत असणार. आज सकाळी मी त्याला चारच्या जागी बारा व्होल्ट दिले. बटण बघायचं राहिलं. माझ्या हातानं जळला तो. तुमच्या आईनं धुतला, पण घालवला नाही. घालवला मी."

मग मुलाचा चेहरा हळूहळू लाल झाला.

"चालू झाला होता?"

"हो."

"दोन वर्षं काका! एकशे चार आठवडे! पावसात, उन्हात, ताप असताना गेलोय मी. आणि तुम्ही एक बटण बघितलं नाहीत?"

"नाही बघितलं."

"दिसत नसेल, जमत नसेल, तर ही कामं घेता कशाला? वय झालंय तुमचं. घरी बसा ना!"

उद्यासाहेबानं मान खाली घातली. ऐकून घ्यायचं हे त्यानं 'थांबा' म्हणतानाच ठरवलं होतं.

"त्यांना असं बोलू नकोस," बाई म्हणाली.

"आई, तू मध्ये पडू नकोस."

"मी मध्येच आहे." तिचा आवाज चढला नव्हता. "मंगळवारपासून मी पोरीला उचललेलं नाही. ती हात वर करून येते आणि मी तिला खाली बसवते. आपल्या हातून पडली तर, असं वाटतं मला. गॅस बंद केलाय हे माहीत असताना तीनतीनदा उठून बघते. चार दिवसांत तुम्ही मला माझ्याच हातांची भीती घातलीत. काही न बोलता, पाठीवरून हात फिरवून."

"तसं नव्हतं आम्हाला..."

"माहितेय मला, तसं नव्हतं. पण ऐक. माझ्या हातून धुतला गेला, ते मी पहिल्या मिनिटाला कबूल केलं. यांच्या हातून जळला, तर त्यांनी तुझ्या तोंडावर सांगितलं, सांगायची काही गरज नसताना. पँट धुवायला टाकताना फोन खिशात कोणी ठेवला, हे मी तुला एकदाही विचारलं नाही. दोन वर्षांचे फोटो कुठंच काढून ठेवले नाहीस, तेही नाही विचारलं. दमून येतोस, राहतं. सगळे दमलेत. मग चुकलं म्हणून घरी बसवायचं ते फक्त म्हाताऱ्यांनाच का?"

मुलगा गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसला. बसल्यावर तो एकदम लहान दिसायला लागला. बाहेरून कोणी तरी बंद दारावर टकटक केली आणि निघून गेलं. ट्रेमधल्या बोर्डाचा वास अजून गेला नव्हता.

"मी ऑफिसात साहेबांना काय सांगू?" तो म्हणाला. ते विचारणं दोघांपैकी कोणालाच नव्हतं.

"जे झालं ते," बाई म्हणाली. "भेगा आजही तिथंच आहेत ना? आजपासून मोजा."

उद्यासाहेब म्हणाला, "मी लिहून देतो. माझ्या चुकीनं गेला म्हणून. सही करून."

मुलानं मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही. त्यानं दोन्ही हातांनी चेहरा चोळला. मग तो आईकडं न बघता म्हणाला, "पाळणाघरवाल्यांना कळवायला हवं. सहापर्यंत असतात त्या बाई." सवयीनं त्याचा हात खिशाकडं गेला, आणि तिथंच थांबला.

उद्यासाहेबानं स्वतःचा फोन टेबलावरून त्याच्याकडं सरकवला.

"नंबर त्यातच होता," मुलगा म्हणाला. "माझ्या फोनमध्ये."

बाईनं डोळे मिटले नाहीत, आठवल्यासारखंही केलं नाही. ती सरळ उभी राहिली आणि एकेक आकडा सांगत गेली, दहाच्या दहा, मध्ये कुठं न अडखळता. मुलगा आकडे दाबत होता. शेवटचा दाबून झाल्यावर त्यानं वर बघितलं.

"तुला पाठ आहे?"

"चार दिवस फ्रिजवर त्यांच्या नंबरचा कागद लावलायस तू," ती म्हणाली. "दुसरं काय बघणार होते मी?"

पलीकडं घंटी वाजत होती. मग कोणी तरी फोन उचलला. मुलानं घसा साफ केला.

"हॅलो... हो, सोमवारपासून येणार होती ती. नाही, नको आता." तो थांबला, पलीकडचं ऐकलं. "नाही, तसं काही नाही. तिची आजी असते घरी."